ब्रिटिश उमरावांची टर उडवणारा सिनेमा जत्रेच्या नाटकात कसा बसवायचा? मदत हवीय

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी. आमच्या गावात जत्रेला देवळासमोर गावकऱ्यांचं जे नाटक होतं ते यंदा मी बसवतोय आणि नेहमीचं ऐतिहासिक किंवा कौटुंबिक न करता मला एका जुन्या ब्रिटिश सिनेमावरून करायचंय. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स', १९४९ चा, ईलिंग स्टुडिओचा, दिग्दर्शक रॉबर्ट हेमर. खाली सगळी गोष्ट उघड होतेय, तेव्हा ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या.

लुई मॅझिनी नावाचा तरुण आहे. त्याची आई ड्यूकच्या घराण्यातली, पण तिनं एका इटालियन गायकाचा हात धरला म्हणून घरच्यांनी तिला कायमचं तोडलं. गायक लवकर गेला, बाईनं हाल काढत पोराला वाढवलं आणि रोज त्याला एकच गोष्ट ऐकवली की तू कुठल्या घराण्यातला आहेस ते विसरू नकोस. मरताना तिची इच्छा एवढीच की मला घराण्याच्या दफनघरात ठेवा. ड्यूक तेवढंही करत नाही. तिथून पोरगा पेटतो, म्हणजे ओरडत नाही, शांतपणे ठरवतो की आपल्यात आणि ड्यूकपदात जेवढे डॅस्कॉइन (हे त्या घराण्याचं आडनाव) उभे आहेत ते सगळे बाजूला करायचे. कुणी नदीच्या बांधावरून होडीसकट खाली, कुणी फोटो धुवायच्या खोलीत स्फोटात, जनरलसाहेब कॅव्हियारच्या डब्यातल्या बॉम्बनं, आणि बायकांच्या मताच्या हक्कासाठी लढणारी लेडी अगाथा फुग्यातून पत्रकं टाकत असताना बाणानं. ही आठही माणसं, बाईसकट, एकट्या ॲलेक गिनेसनं केलीत!

मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर एवढे खून होतात पण आवाज कुठेच चढत नाही. डेनिस प्राइस (लुई) सगळी हकीकत लग्नाची पत्रिका वाचावी तशी सांगत जातो. आणि सुरुवातच बघा, फाशी देणारा माणूस तुरुंगात येतो आणि त्याला काळजी कसली तर ड्यूक झालेल्या लुईला हाक काय मारायची, 'युअर ग्रेस' म्हणायचं ना? रेशमी दोर वापरायला मिळणार म्हणून तो भारावलाय, एकदा ड्यूकला फाशी दिलं की निवृत्तच होणार म्हणतो. एका माणसाचा जीव जाणार आहे आणि सगळ्यांचं लक्ष मानपानावर. एवढ्या एका प्रसंगात अख्खी क्लास सिस्टीम दाखवलीय असं मला वाटतं.

आता अडचण. आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात कोट-हॅट घालून इंग्लंडातलंच ठेवू, लोकांना वेगळं काहीतरी बघायला मिळेल. अर्धे म्हणतात भाटकाराच्या (म्हणजे आपल्या गोव्यातल्या जमीनदाराच्या) घरात आणा, ड्यूक म्हणजे भाटकार, लुईची आई म्हणजे पळून गेलेली भाटकाराची मुलगी, लोक लगेच ओळखतील. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे पण कुठेतरी नीट बसत नाहीय आणि का बसत नाहीय ते कळत नाही. दुसरं म्हणजे आठ भूमिका एकाच नटानं करणं आपल्या उघड्या मंडपात शक्य आहे काय? आणि शेवट, तो तर मोठाच प्रश्न आहे. कृपया नाटक-सिनेमावाल्यांनी सविस्तर लिहा.

म्हापशेची वकील

अंत्रुजकरबाब, का बसत नाहीय ते मी सांगते, कारण माझं रोजचं काम वारसाहक्काचं आणि इन्व्हेंटरीचं, म्हणजे कोर्टातून इस्टेटीच्या वाटण्या करून घेण्याचं आहे.

तुमच्या सिनेमाचा सगळा डोलारा इंग्लंडातल्या ज्येष्ठाधिकारावर उभा आहे. थोरल्याला सगळं, बाकीच्यांना पाद्री व्हा, आरमारात जा, बँकेत बसा. मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्याकडे जायची हा नियम तिकडे १९२५ पर्यंत होता आणि सिनेमातला काळ त्याच्या आधीचा, सातव्या एडवर्डच्या आसपासचा. उमरावपदाचं तर अजूनही साधारण तेच आहे. म्हणून तिथे एक माणूस मेला की मागचा एक पायरी वर येतो, आठ मेले की नववा थेट ड्यूक. खून करून वर चढायची शिडी कायद्यानंच लावून ठेवलीय.

आमच्याकडे ही शिडीच नाही. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड गोव्यात आला तेव्हापासून सगळी मुलं सारखी, मुलगीसुद्धा, लग्न होऊन गेलेलीसुद्धा. बापानं रागावून मृत्युपत्र केलं तरी अर्धी इस्टेट मुलांसाठी राखीव, ती त्याला दुसऱ्या कुणाला देता येत नाही. आताच्या वारसा कायद्यातही तेच तत्त्व राहिलंय. म्हणजे गोव्यातल्या भाटकाराची मुलगी गायकाबरोबर पळून गेली तरी तिचा वाटा कुठे जात नाही आणि तिच्या पोराला कुणाला मारायची गरज नाही, त्यानं फक्त इन्व्हेंटरी घालायची! मग चुलत्या-मामांच्या सह्या गोळा करण्यात पंधरा-वीस वर्षं जातील, एक पोर्तुगालात, एक दुबईत, एकाचा पत्ताच नाही. त्यावर वेगळं नाटक होईल आणि खरं सांगायचं तर मला ते बघायला फार आवडेल, पण ते हे नाटक नव्हे.

आणि भाटकार-मुंडकार (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) हे नातं ड्यूकसारखं नाही. ड्यूक आणि लुई एकाच रक्ताचे आहेत, भांडण घराण्याच्या आतलं आहे. भाटकार आणि मुंडकार यांच्यात जमीन होती, डोक्यावरचं छप्पर होतं आणि जात होती, ते दुखणं पूर्ण वेगळं. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा येईपर्यंत लोकांनी काय भोगलं ते तुमच्या मंडपात बसलेल्या म्हाताऱ्यांना आठवत असणार. ते दुखणं ड्यूकच्या गोष्टीत घुसडलं तर दोन्ही वाया जातील.

रंगपट_मडगाव

आठ भूमिकांबद्दल मी लिहितो, बाकीचं जाणकार बघतील.

शक्य आहे, शंभर टक्के. मराठी रंगभूमीवर हे होऊन गेलंय. 'तो मी नव्हेच' १९६२ साली आलं, अत्र्यांचं नाटक, प्रभाकर पणशीकरांनी त्यात पाच रूपं केली आणि हजारो प्रयोगांत केली. तिथेही गोष्ट एका लफंग्याची, खोट्या प्रतिष्ठेची आणि कोर्टाची. तुमच्या लुईच्या ते जवळचं आहे, फक्त तिथे खोटारडा माणूस एक आणि रूपं अनेक, इथे रूपं बदलणारा मारणारा नाही तर मरणारा आहे. त्या नाटकाला फिरता रंगमंच होता, एक दृश्य चालू असताना मागे दुसरं लागायचं, त्यामुळे नटाला वेळ मिळायचा. तुमच्याकडे तो नसणार. म्हणून वेळ लिखाणातच काढायला हवा. दर खुनानंतर लुई पुढे येऊन प्रेक्षकांशी बोलतो असं ठेवा, सिनेमातही निवेदन त्याचंच आहे, तेवढ्यात आतला माणूस बदलतो. पण हे बोलणं नुसतं वेळ काढण्यापुरतं नको, खरा विनोद तिथेच आहे.

आत कसं करायचं ते नीट सांगतो. सगळ्या रूपांच्या खाली एकच कपडा, अंगाला घट्ट बसणारा काळा पायजमा-बनियन, घाम शोषणारा. वरचे कोट मागून फाडून वेलक्रो लावायचा, बटणं पुढे नुसती दिसायला. नट हात पुढे करून उभा राहतो, एक जण समोरून कोट चढवतो, दुसरा मागून बंद करतो. मिशा-दाढ्या डिंकानं चिकटवू नका, पालखी फिरून नाटक उभं राहीपर्यंत रात्रीचे बारा होतात आणि आपल्याकडची दमट हवा, तिसऱ्या रूपाला डिंक सुटणार. जाळीवर विणलेल्या मिशा घ्या, दुतर्फा टेपनं. विग दोनच, बाकी टोप्या. आणि मेकअप बदलण्यापेक्षा चाल बदला, गिनेसनं तेच केलंय, तो म्हातारा पाद्री बघा, मान किती पुढे काढून बोलतो, आणि आरमारवाला जहाज बुडतंय तरी सलाम ठोकून ताठ उभा. रंगपटात त्या नटाला दोन माणसं फक्त त्याच्यासाठी द्या, ती दुसऱ्या कुणाच्या हाताला लागता कामा नयेत.

एक गोष्ट मात्र स्टेजवर होणार नाही. सिनेमात प्रार्थनेच्या वेळी एकाच चौकटीत सहा डॅस्कॉइन बसलेले दिसतात, सहाही गिनेस. डग्लस स्लोकॉम या कॅमेरामननं ते कॅमेऱ्यातच केलंय, भिंगापुढे एकेक भाग झाकायचा, एका रूपाचं शूटिंग झालं की फिल्म मागे गुंडाळायची, दुसरं रूप करून परत तीच फिल्म चालवायची, आणि मधल्या वेळात कॅमेरा केसभर हलता कामा नये. १९४८-४९ साली, कसलाही कॉम्प्युटर नसताना! तुम्ही त्या जागी भिंतीवर सहा तसबिरी लावा, सगळ्यांत तुमच्याच नटाचा चेहरा. पडदा वर गेल्या गेल्या लोकांना कळेल.

पाटोवरचा

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. गोव्यात आणूच नका. इंग्लंडातलंच ठेवा.

क्लास सिस्टीमवरचे चांगले ब्रिटिश सिनेमे एवढे धारदार झाले कारण त्यांनी स्वतःच्या घराला हात घातला आणि बारीकसारीक तपशील सोडले नाहीत. 'आय ॲम ऑल राइट जॅक' (१९५९, बोल्टिंग बंधू) बघा. त्यात कारखान्याचे मालक लबाड आहेतच, पण पीटर सेलर्सनं केलेला युनियनचा पुढारी फ्रेड काइट पण सुटत नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागेला इतक्या चिकटलेल्या की मध्ये सापडलेला वरच्या वर्गातला भोळा पोरगा, ज्याला फक्त काम करायचंय, तोच सगळ्यांचा शत्रू होतो. सेलर्सचा काइट मी इतक्यांदा पाहिलाय की त्याचा कॉलर ओढत बोलायचा थाट तोंडपाठ आहे, आणि दर वेळी त्याच्याबद्दल हसता हसता वाईट वाटतं, कारण तो मूर्ख नाही, त्याला शिकायला मिळालं नाही.

नाहीतर 'द रूलिंग क्लास' घ्या, १९७२, पीटर ओटूल. घराण्याचा नवा अर्ल स्वतःला येशू समजतो, सगळ्यांवर प्रेम करा म्हणतो, तर घरचे म्हणतात हा वेडा आहे, उपचार करा. उपचार होतात. आता तो स्वतःला जॅक द रिपर समजायला लागतो, कडक, क्रूर, फटके आणि फाशीची भाषा बोलणारा, आणि घरचे म्हणतात, बरा झाला! हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याचं भाषण होतं, समोर जळमटं लागलेली प्रेतं बसलेली आणि ती टाळ्या पिटतात. मला तो सिनेमा बघून रात्री झोप आली नव्हती. हे हाऊस ऑफ लॉर्ड्स नसलेल्या जागी कसं करणार?

रॉबर्ट ऑल्टमनचा 'गॉसफर्ड पार्क' (२००१) पण बघा, नाटकाला उपयोगी आहे. त्यात पाहुण्यांबरोबर आलेल्या नोकरांना त्यांच्या स्वतःच्या नावानं कुणी हाक मारत नाही, मालकाच्या नावानं मारतात, आणि खाली नोकरांच्या जेवणाच्या टेबलावर बसायचा क्रमसुद्धा वरच्या मालकांच्या मानाप्रमाणे. एवढी एक गोष्ट रंगमंचावर दाखवली तरी काम होतं.

आणि हो, हक्कांचं बघा. सिनेमाचे हक्क कुणाकडे तरी आहेत, त्यातले संवाद आणि प्रसंग तसेच्या तसे उचलता येणार नाहीत. पण सिनेमा ज्यावरून घेतला ती रॉय हॉर्निमनची कादंबरी, 'इस्रायल रँक', १९०७ ची, लेखक १९३० मध्ये वारला, म्हणजे आपल्याकडच्या साठ वर्षांच्या हिशोबानं ती मोकळी आहे. त्यात नायकाचा बाप ज्यू आहे, सिनेमावाल्यांनी इटालियन केला. कादंबरीवरून तिकडे ब्रॉडवेवर २०१३ मध्ये संगीतिका झाली, तिथेही घराण्यातले सगळे मरणारे एकाच नटानं केले आणि २०१४ चं टोनी पारितोषिक मिळालं. म्हणजे कादंबरीवरून रंगमंचावर येतं, सिद्ध झालंय.

अंत्रुजकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलबाय, तुमचं वाचून डोक्यात एकदम प्रकाश पडला. इस्टेट वाटली जाते, बरोबर. पण देवळातला मान वाटला जात नाही! महाजनकी, म्हणजे देवस्थानातला घराण्याचा हक्क, पुरुषांच्या वंशातून चालते, वांगडांचा (घराण्यांच्या गटांचा) क्रम ठरलेला, पहिला प्रसाद कुणाला, पालखीला पहिला खांदा कुणाचा, सांगणं (गाऱ्हाणं) कुणाच्या नावानं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. त्याच्या मागे पैसा नाही, जमीन नाही, फक्त नारळ आणि नाव. आणि त्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत.

म्हणजे माझा लुई इस्टेटीसाठी नाही, पहिल्या नारळासाठी माणसं मारतो. मुलीचा मुलगा म्हणून त्याला मान मिळणार नाही ही अडचण आहे, पण सिनेमातही ती आहेच, तिथे दुसऱ्या चार्ल्सच्या काळातली खास सवलत दाखवलीय की हे ड्यूकपद मुलीकडूनही पुढे जाऊ शकतं. आपण पोर्तुगीज काळातला एक जुना कागद दाखवू, पेटाऱ्यात सापडलेला.

पाटोबाब, तुमचं पटतं की तपशील आपल्या घरचे हवेत, म्हणूनच मला हे इथेच करायचंय. इंग्लंडातलं ठेवलं तर आमचे लोक म्हणतील, काय हो ते इंग्रज, आणि हसून घरी जातील.

म्हापशेची वकील

हे बसतं. कागदाचं मी तुम्हाला नीट लिहून देते, त्या काळच्या कागदाची भाषा आणि शिक्के कसे असायचे ते माझ्याकडे बघायला मिळेल. फक्त कुठल्याही खऱ्या देवस्थानाशी किंवा घराण्याशी जुळणारं काही ठेवू नका, आडनावंसुद्धा नकोत.

माशेलची मावशी

अरे पुता, मी उशिरा वाचलं. मी आयुष्यभर जत्रेची नाटकं पाहिली आणि बरीच वर्षं त्यात कामं केली, म्हणून लिहिते.

तू हे नाटक कुणापुढे करणार त्याचा विचार कर. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या कुणाच्या असतात? वर्गणी कुणाची, नाटकाआधी नारळ कुणाच्या हातात देतात? तू ज्यांच्यावर नाटक करतोयस तेच पुढे बसणार. त्याला मी भिऊ नको म्हणते. पण त्यांना मूर्ख दाखवून काय मिळणार नाही, ते उठून जातील आणि मागचे शिट्या मारतील, संपलं. त्या सिनेमात बघ (माझ्या मुलानं लावून दिला, मी पूर्ण बघितला) घराण्यातली सगळी माणसं वाईट नाहीत. तो फोटोवाला हेन्री बायकोला भिऊन चोरून दारू पितो, किती साधा आहे बिचारा. बँकवाला म्हातारा तर लुईला नोकरी देतो, प्रेमानं वागवतो, आणि स्वतः ड्यूक झाल्याच्या धक्क्यानंच मरतो. वाईट आहे तो मानाचा हव्यास, आणि तो सगळ्यात जास्त कुणाला आहे तर लुईला. त्याला ड्यूकपद मोडायचं नाही रे, त्याला ड्यूक व्हायचंय. आईला ज्या दारातून हाकललं ते दार त्याला तोडायचं नाही, आतून लावून घ्यायचंय. ते दिसलं पाहिजे. ड्यूक झाल्यावर तो गावातल्या लोकांपुढे उभा राहतो तेव्हा त्याचा चेहरा बघ, आधीच्या ड्यूकचाच दिसतो.

म्हणून तुझ्या नाटकात लुईला पहिला नारळ मिळतो तो प्रसंग घाई करून उरकू नकोस. नारळ हातात आल्यावर समोर त्याच्याच आईसारखी एखादी बाई उभी कर, लेकराला घेऊन आलेली, गावानं बाहेर ठेवलेली, आणि तो तिला काय उत्तर देतो ते लोकांना ऐकू दे. ते सिनेमात नाही, पण तुझ्या नाटकात हवं.

शेवटाबद्दल. सिनेमात न केलेल्या खुनासाठी त्याला शिक्षा होते, तिच्यातून सुटून तो बाहेर येतो, दारात त्याची बायको आणि प्रेयसी दोघी आपापल्या गाड्या घेऊन उभ्या, आणि तेवढ्यात त्याला आठवतं की आपण सगळे खून लिहून काढलेली वही कोठडीतच राहिली. तिथेच संपतो. मुलगा सांगत होता की अमेरिकेत दाखवताना सेन्सॉरसाठी शेवटी थोडं जोडलं, वही सापडते असं. आपल्या लोकांनाही वाटणार की पापाचं फळ दिसलंच पाहिजे, पण तू जोडू नकोस. आपला प्रेक्षक पहाटे तीन वाजता पण जागा असतो, त्याला कळतं. वही टेबलावर ठेव, त्यावर दिवा सोड आणि पडदा पाड.

रंगपट_मडगाव

मावशी, नारळाचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. अंत्रुजकरबाब, तो प्रसंग लिहून झाला की आधी तोच वाचायला घ्या. मिशांची जाळी आणि टेपचं सामान माझ्याकडे आहे, घेऊन येतो. आठ रूपं करणारा नट ठरला काय? उंच नको, मध्यम उंचीचा बघा, उंच माणसाला बाई करताना फार त्रास होतो.

अंत्रुजकर

नट ठरलाय, मध्यम उंचीचाच आहे आणि आवाज बदलायला हुशार. मावशी, त्या लेकरवाल्या बाईचं काम तुम्ही कराल काय? वय बसत नसेल तर तिची आजी करू, प्रसंग उलट जास्त चांगला होईल. वाचन चतुर्थी झाल्यावर लगेच सुरू करतोय, देवळाच्या अग्रशाळेत, संध्याकाळी सातनंतर. ज्यांना यायचंय त्यांनी इथेच कळवा, चहाचं बघतो.